पांढरी चार : सांगलीत आर्वो पेर्ट (प्रकल्प नोंदी)

५ जुलै २०२५, शनिवार

कार्यक्रम करायचा हे नक्की झालं. संगीतकार आर्वो पेर्ट येत्या ११ सप्टेंबरला ९० वर्षांचे होतात, तेव्हा त्याच्या आगेमागे एखादा रविवार. जागा विश्रामबागकडच्या एका शाळेचं छोटं सभागृह. कारण एकच, तिथं पियानो आहे. सांगलीत तारांचा खरा पियानो हवा म्हटलं की ओळखीपाळखी काढत हिंडावं लागतं. हा कुणीतरी शाळेला भेट दिलेला उभा पियानो आहे, आणि आजवर त्याचं मुख्य काम स्नेहसंमेलनाचे हार-तुरे डोक्यावर घेऊन उभं राहणं हेच होतं.

वाजवणारे तिघे. व्हायोलिनला इथलेच सर, पियानोला कोल्हापूरच्या बाई, आणि चेलोला पुण्याहून येणारी चेलोताई. नोंदीत नावं नकोत असं तिघांचंही म्हणणं, म्हणून सर, बाई आणि ताई.

रचना तीन. आधी मोत्सार्टच्या एफ मेजर सोनाटातला (के. २८०) अडाजिओ, म्हणजे संथ भाग, नुसत्या पियानोवर. मग पेर्ट यांची १९७८ सालची ‘श्पीगेल इम श्पीगेल’, चेलो आणि पियानोवर. शेवटी पेर्ट यांचाच ‘मोत्सार्ट-अडाजिओ’, तिघांचा मिळून. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतं. आमच्या मंडळातल्या एकानं विचारलं, “एवढ्यासाठी लोक येतील?” नाट्यसंगीताच्या मैफलीत एकेक पद तेवढा वेळ चालतं, तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही, एवढंच मी म्हणालो.

१२ जुलै, शनिवार

प्रती आल्या. पेर्ट यांचं संगीत व्हिएन्नाची युनिव्हर्सल एडिशन छापते. झेरॉक्सवर काम भागवायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, तरी तिघांसाठी किती खर्च आला ते खजिनदारांना हळूहळू सांगावं लागणार.

पत्रकासाठी थोडं वाचन केलं. ‘मोत्सार्ट-अडाजिओ’ १९९२ चा, व्हायोलिनवादक ओलेग कागान (१९४६–१९९०) यांच्या आठवणीसाठी लिहिलेला. कागान पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरसोबत वाजवायचे, त्यांची पत्नी नतालिया गुटमान ही मोठी चेलोवादक. म्हणजे ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या घरातच ट्रायोतली (पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांतली) दोन तंतुवाद्यं होती.

गेलेल्या माणसासाठी पियानो ट्रायो लिहायची रशियात जुनी चाल आहे. चायकोव्हस्कीनं निकोलाय रुबिनस्टाइनच्या मृत्यूनंतर लिहिला, ओपस ५०. चायकोव्हस्की गेला तेव्हा, १८९३ मध्ये, राखमानिनॉवनं त्याच्यासाठी लिहिला. आरेन्स्कीनं चेलोवादक दाविदोव्हसाठी लिहिला, आणि शोस्ताकोविचचा दुसरा ट्रायो १९४४ चा, मित्र सोलेर्तिन्स्कीसाठी. यातले बहुतेक लांबलचक, आकांत करणारे. पेर्ट एस्टोनियाचे, पण घडले सोव्हिएत काळातच, त्यामुळे ही परंपरा त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी मात्र स्वतःचं फारसं काही बोलायचंच टाळलं. विशीही न गाठलेल्या मोत्सार्टनं लिहिलेला एक एफ मायनरमधला तुकडा घेतला, तो तीन वाद्यांत वाटला, आणि आपली भर अगदी बेतानं घातली. मला यातला संकोच फार आवडतो. शोकसभेत लांब भाषण करणाऱ्यांची आपल्याकडेही कमी नाही.

१९ जुलै, शनिवार

ट्यूनर पुण्याहून येऊन गेले. पियानो जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला होता. एका दमात वर ओढणार नाही म्हणाले. आत सव्वादोनशेच्या घरात तारा, त्यांचा सगळा मिळून ताण १५ ते २० टन, जुन्या तारा तुटतात. आज थोडा वर घेतला, महिनाभर बसू द्यायचा, मग पुन्हा येणार. पावसाळ्यात लाकडी साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी फळी) दमट हवेनं फुगतो आणि सूर हलतो, म्हणून शाळेला सांगून खोलीच्या खिडक्या बंद ठेवल्यात.

ते काम करत असताना शेजारी बसून राहिलो, आणि या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची गोष्ट तिथं कळली. ट्यूनर आधी मधलं एक सप्तक बसवतात, एफ ते एफ. म्हणजे आपल्या पेटीची पांढरी चार, चौथी पांढरी पट्टी. त्यात एफ आणि ए हे दोन स्वर एकत्र दाबतात आणि त्यातून येणारी थरथर मोजतात. सेकंदाला साधारण सात झोके आले की जुळलं. म्हणजे षड्ज आणि गंधार (सा आणि ग) एकत्र वाजले की ते हलले पाहिजेत. स्थिर राहिले तर ट्यूनिंग चुकलं!

मी म्हटलं, “आमच्याकडे हा गंधार चढा म्हणतील.”

ते म्हणाले, “चढाच आहे. बारा पट्ट्यांत सगळ्यांना थोडं थोडं सोसावं लागतं.”

३ ऑगस्ट, रविवार

पहिली तालीम, सर आणि बाई दोघंच. मोत्सार्टचा अडाजिओ सहा-आठच्या तालात आहे, संथ, सिसिलियाना म्हणतात त्या डुलत्या चालीचा. सरांच्या पायानं लगेच दादरा धरला. धा धिं ना, धा तिं ना. बाई थांबल्या. मात्रा सहाच आहेत, गट तीन-तीनचेच आहेत, तरी दादरा नाही, कारण पहिला स्वर लांबवून दुसरा चिमूटभर ठेवायचा आणि तिसऱ्यावर अलगद उतरायचं. दादऱ्यात जी ठुमक आपोआप येते ती इथं येता कामा नये. सरांनी पाय खुर्चीखाली दुमडून घेतला. मग बरं झालं.

दुसरी अडचण मींडेची. हिंदुस्थानी बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जातं, आणि इथं स्वर उचलून ठेवायचे. सरांकडे दोन व्हायोलिनं आहेत, एक सा-प-सा-प लावलेलं मांडी घालून वाजवायचं, दुसरं जी-डी-ए-ई लावलेलं खुर्चीवरचं. ते म्हणाले, खुर्चीवर बसलं की मी निम्मा दुसरा माणूस होतो. निम्मा का होईना, पुरे.

१० ऑगस्ट, रविवार

मिरजेत सतारमेकर गल्लीत. कार्यक्रमात एक छोटं प्रात्यक्षिक ठेवायचं डोक्यात आहे, त्यासाठी पांढरी चारला लागणारा तंबोरा हवा. तंबोरे बनवणाऱ्या चाचांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. जनानी तंबोरा तेवढा उतरवला तर तारा सैल पडून आवाज बसतो, मर्दानी तेवढा चढवला तर तार तुटते. जनानीलाच जाडीच्या तारा चढवू आणि घोडीची जवारी (तार झणझणत ठेवणारी तिची घासणी) नव्यानं काढू म्हणाले. पैशांचं विचारलं तर “आधी तुमचं ते वाजू द्या” एवढंच.

पांढरी चारचाच हट्ट का ते त्यांना सांगितलं, ते इथंही लिहून ठेवतो. पेर्ट यांच्या दोन्ही रचनांचा षड्ज एकच आहे, एफ. ‘श्पीगेल’ एफ मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधार; ‘मोत्सार्ट-अडाजिओ’ एफ मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधार. एकच षड्ज धरून अर्ध्या तासात दोन्ही गंधार ऐकायला मिळतात.

‘श्पीगेल’ची गंमत तर त्या गंधारातच आहे. पेर्ट यांनी १९७६ पासून टिन्टिनाबुली नावाची पद्धत वापरली. त्यात दोन आवाज असतात. एक पायरीपायरीनं वर-खाली चालणारा, दुसरा फक्त तीन स्वरांत फिरणारा, इथं सा-ग-प. दुसऱ्यानं पहिल्याला कुठं भेटायचं ते नियमानं ठरलेलं. ‘श्पीगेल’मध्ये पियानो सा-ग-प सुटे करून सतत वाजवत राहतो, अधूनमधून खाली एक खर्जाचा आणि वर एक घंटेसारखा स्वर. चेलो आधी दोनच स्वरांचं वाक्य म्हणतो, मग त्याचं उलटं वाक्य, मग प्रत्येक फेरीत एक स्वर वाढतो. आणि दरवेळी चेलो येऊन टेकतो तो ए वर, म्हणजे गंधारावर. नऊ-दहा मिनिटं गंधारावर न्यास! चाचा म्हणाले, “मग गंधार चांगला लागला पाहिजे.” हे त्यांनी एकही स्वर न ऐकता सांगितलं.

१७ ऑगस्ट, रविवार

ट्यूनरची दुसरी फेरी झाली. ए हा स्वर ४४० हर्ट्झवर आला. आकडेमोड करून ठेवली, पत्रकात नको, पण प्रात्यक्षिकाला लागेल.

पियानोचा एफ ३४९.२३ हर्ट्झ. त्याचा शुद्ध गंधार, ५:४ या प्रमाणातला, ४३६.५ च्या आसपास यायला हवा. पियानोचा ए ४४० आहे. फरक १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच ४३६.५ वाला, तार स्वतःच पाच भागांत थरथरून तो देते, कुणी लावावा लागत नाही. म्हणजे मिरजेचा तंबोरा आणि शाळेचा पियानो एका षड्जावर लावले तरी गंधारावर भांडणार.

कोमल गंधाराचं उलट. ६:५ चा कोमल गंधार ४१९ वर येतो, पियानोचा ए फ्लॅट ४१५.३ वर. इथं पियानो १६ सेंट खाली.

आता बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक स्वरस्थानांचा, तक्ता काढा. कोमल गंधार दोन, ३२:२७ आणि ६:५. शुद्ध गंधाराच्या बाजूला ५:४ आणि त्याच्या वरचा ८१:६४. पियानोचा कोमल गंधार त्या दोन कोमलांच्या मध्ये पडतो, पण खालच्याला जास्त जवळ. शुद्ध गंधार मध्ये पडतो, पण वरच्याला जास्त जवळ. म्हणजे पियानो सरसकट बेसूर आहे हे आपल्याकडचं लाडकं वाक्य तितकंसं खरं नाही. तो दोन्ही वेळा आपण सहसा निवडत नाही त्या श्रुतीकडे झुकतो. ‘मोत्सार्ट-अडाजिओ’मध्ये तर ते झुकणं रचनेला मानवतं. उतरता कोमल गंधार आधीच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो.

हे सगळं सांगलीत बसून करताना कृष्णाजी बल्लाळ देवलांची आठवण येणं साहजिक आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, राहायला सांगलीत, आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक. त्यांच्यासोबत क्लेमंट्स हा इंग्रज अधिकारी, आणि प्रत्यक्ष गाऊन दाखवायला अब्दुल करीम खाँ. श्रुतींची पेटीसुद्धा बनवून घेतली होती. त्यांच्या निष्कर्षांवर पुढं बरेच वाद झाले, ते असोत. पण पट्टीच्या वाद्याचा गंधार नेमका कुठं पडतो यावर या गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डोकी तापली होती. पेर्ट यांचं संगीत ऐकायला सांगलीकरांची कुठली वेगळी तयारी करून घ्यायला हवी, असं जे मंडळात कुणी कुणी म्हणतं ते मला म्हणूनच पटत नाही. कान तयार आहेत. सवय फक्त शांत बसायची लावावी लागेल.

२४ ऑगस्ट, रविवार

ताई आली. चेलोची पेटी घेऊन मिरज स्टेशनवर उतरली तेव्हा हमालानं आत काय आहे विचारलं, आणि “मोठं व्हायोलिन” ऐकून भाव वाढवला.

तिघांची पहिली तालीम. पियानो ट्रायोच्या सुरुवातीच्या काळात, हायडनच्या वगैरे, चेलो पुष्कळदा पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर गिरवत असे. तिघांना सारखा मान मिळायला बराच वेळ लागला. पेर्ट यांच्याकडे मान सारखा आहे पण स्वर इतके थोडे की लपायला जागा नाही. ताई म्हणाली, शोस्ताकोविचमध्ये एखादा स्वर इकडेतिकडे गेला तर गर्दीत खपतो, इथं पकडला जातो.

मग गंधाराचा विषय निघाला आणि तालीम तासभर बंद पडली. सरांचं म्हणणं, तंतुवाद्याला पट्ट्या नाहीत, मग चेलोनं टेकताना खरा गंधार द्यावा, ४३६.५ वाला. ताईनं तसं करून दाखवलं. एकट्यानं वाजवला तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले, इतका तो बसला. पण बाईंनी सा-ग-प सुरू करताच तोच स्वर उतरलेला वाटायला लागला, कारण पियानो दर दोन क्षणांनी आपला गंधार सांगत राहतो आणि तो हटत नाही. ताई म्हणाली, “ज्याला हलता येत नाही त्याच्याकडे आपणच जायचं.” सर म्हणाले, “म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांसारखं.” बाईंनी पियानोच्या वतीनं निषेध नोंदवला.

शेवटी ठरलं ते असं. ‘श्पीगेल’मध्ये चेलो पूर्णपणे पियानोसोबत. ‘मोत्सार्ट-अडाजिओ’मध्ये जिथं तिघांकडे एकच स्वर एकाच वेळी आहे तिथं पियानो म्हणेल तसं, जिथं व्हायोलिन आणि चेलो दोघंच बोलतात तिथं त्यांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं, पियानो परत येईपर्यंत. बोटाचा कंप (व्हायब्रातो) अगदी कमी, कारण मोठा कंप दिला की गंधार कुठला हा प्रश्नच पुसून जातो आणि मग एवढं भांडलो कशाला.

मला यातून एक कळलं की ट्रायो ऐकताना मी आजवर तीन वाद्यं ऐकत होतो. ऐकायची होती ती एका न हलणाऱ्याशी दोन हलणाऱ्यांची चाललेली तडजोड.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. शाळेच्या चौकातच मंडळ. तालीम नाही. पियानोवर जाड गोधडी घालून ठेवली.

९ सप्टेंबर, मंगळवार

तारखेवरून एकदोघांची कुरकुर. कार्यक्रम १४ ला, रविवारी; तेव्हा पितृपक्ष चालू असतो, अशा दिवसांत कार्यक्रम कशाला? मी म्हटलं, गेलेल्या माणसासाठी लिहिलेलं संगीत याहून योग्य दिवसांत कधी वाजवणार? यावर कुरकुर करणाऱ्या काकांनी दोन पास मागून घेतले.

प्रात्यक्षिक आधी की नंतर, यावर मात्र खरा वाद झाला. मला आधी हवं होतं, म्हणजे लोकांना काय ऐकायचं ते कळेल. ताई ठाम नाही म्हणाली. आधी फरक दाखवलात तर पुढची पंचवीस मिनिटं लोक चूक शोधत बसतील, संगीत ऐकणार नाहीत. बाईंचंही तेच. ताईचं बरोबर आहे. प्रात्यक्षिक शेवटी.

पत्रकातून सेंट आणि हर्ट्झ काढून टाकले. कागानबद्दल चार ओळी, पेर्ट यांच्याबद्दल सहा, आणि “रचना संपल्यावर थोडं थांबून टाळ्या वाजवाव्यात” ही विनंती.

१३ सप्टेंबर, शनिवार

रंगीत तालीम. पंख्यांचा आवाज रेकॉर्डरवर चेलोच्या खालच्या तारेइतका येतो. वाजवताना पंखे बंद, प्रत्येक रचनेनंतर पुन्हा सुरू. स्विचपाशी एक मुलगा बसवलाय. चाचांचा तंबोरा आला, जाड तारांचा, आणि अपेक्षेपेक्षा भरदार बोलतो. पियानो काल रात्रीच्या पावसानं किंचित हलला होता. ट्यूनरनी फोनवर दोन स्वर कसे सावरायचे ते बाईंना सांगितलं, ट्यूनिंगची हातोडी बाईंकडे असते.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल झालं. सभागृह पाऊणाच्या वर भरलं होतं. मागच्या दोन रांगांत शाळेची मुलं, आणि तीच सगळ्यात शांत.

बाईंनी मोत्सार्ट किंचित जलद घेतला, बहुधा पंखे बंद असल्यानं. ‘श्पीगेल’ला सुरुवातीला दोन मोबाइल वाजले, नंतर मात्र सगळे त्यात शिरले. चेलो प्रत्येक वेळी गंधारावर येऊन टेकतो हे तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत लोकांना उमगलं. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांच्या माना बरोबर त्याच जागी हलत होत्या, समेवर हलतात तशा. संपल्यावर टाळ्यांआधी लोक आम्ही विनंती केली होती त्याहूनही जास्त वेळ थांबले.

‘मोत्सार्ट-अडाजिओ’ तालमीतल्यापेक्षा चांगला झाला. थोड्या वेळापूर्वी ऐकलेली तीच चाल आता तिघांत वाटून आलेली, त्यामुळे पेर्ट यांनी आपलं काय घातलंय ते सांगावं लागलं नाही. मूळ चालीला शेजारचा स्वर घासून जातो तिथं माझ्या शेजारी बसलेल्या एकीनं श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. सरांच्या एका जागी मींड निसटलीच. ती तिथं शोभली, असं माझं मत. बाईंचं तसं नाही.

मग प्रात्यक्षिक. चाचांनी स्वतः तंबोरा छेडला, ताईनं ‘श्पीगेल’मधलं पहिलं छोटं वाक्य चेलोवर आधी तंबोऱ्याच्या साथीनं वाजवलं, आणि नंतर तेच पियानोच्या साथीनं. काही सांगायच्या आत भजनी मंडळातले एक आजोबा म्हणाले, “दुसऱ्या वेळी गंधार चढा होता.” ताई हसून म्हणाली, “हो, आणि तुम्ही मघाशी दहा मिनिटं तोच ऐकलात.” आजोबा थोडं थांबले. “तेव्हा चढा वाटला नाही. तेव्हा तो तिथलाच वाटला.” पुन्हा वाजवायला लावलं त्यांनी, दोन्ही. आणि मग चक्क तिसऱ्यांदा.

२० सप्टेंबर, शनिवार

हिशेब. प्रती, ट्यूनरच्या दोन फेऱ्या, प्रवास, चहा. तिकीट नव्हतं, दानपेटीत जमलं त्यातून निम्म्याहून थोडं जास्त निघालं, बाकी मंडळाच्या गंगाजळीतून. चाचांनी तारांचे तेवढे घेतले, मजुरी नाही. तंबोरा पांढरी चारलाच ठेवणार म्हणाले, मधल्या पट्टीचे गळे हल्ली गिऱ्हाईक म्हणून येतात.

पुढच्यासाठी बाईंना शोस्ताकोविचचा दुसरा ट्रायो हवाय. ताई म्हणते, सुरुवातच एकट्या चेलोच्या अगदी वरच्या हार्मोनिक्सवर (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेल्या बारीक स्वरांवर) आहे, मला सहा महिने द्या. सर म्हणतात, त्याआधी माझं दुसरं बोट सुटू दे.

शाळेला पत्र दिलं: पियानो खिडकीपासून दूर ठेवावा, वर कुंड्या ठेवू नयेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ट्यूनर पुन्हा येतील, त्याचे पैसे मंडळ देईल.